खर्जाचा तोल

वाद्यवृंदांत सर्वांत मोठें वाद्य कोणतें, असें विचारलें तर कोणीहि डबल बासकडे बोट दाखवील. माणसाहून उंच असें तें वाद्य, त्याचें पोट धान्याच्या कणगीएवढें, आणि तारा इतर कोणत्याहि तंतुवाद्याहून जाड. परंतु सर्वांत कमी ऐकूं येणारें वाद्य कोणतें, असें विचारलें तर त्या काळीं उत्तर तेंच येई. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील नृत्यगृहांत ट्रंपेट व सॅक्सोफोन यांचा घोष चाले, ढोल-झांजांचा दणदणाट चाले, आणि त्यांत बासवाला दोन्ही हातांनीं तारा ओढून बोटें सोलून घेई. नाचणाऱ्यांना त्याचा स्वर कळत नसे. फार तर एक ठोका जाणवे. तरीहि तो एखादे दिवशीं आला नाहीं, म्हणजे सारें वादन पायाविना उभारलेल्या भिंतीसारखें डळमळे. ज्याच्यावांचून चालत नाहीं आणि जो कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं, अशा या वादकाला विजेनें आवाज दिला. पण आवाज मिळाल्यावर त्याचा तोल संभाळण्याचें काम हळूहळू तीन ठिकाणच्या बटणांवर वाटलें गेलें : एक वाद्यावर, दुसरें पायाखालच्या पेडलवर आणि तिसरें ॲम्प्लिफायरवर. हीं तीन बटणें एकाच वेळीं, एकाच कारणासाठीं जन्मास आलीं नाहींत. तीं कोणत्या कारणानें आलीं हें ज्याला माहीत आहे, त्यालाच तीं नीट पिळतां येतात.

प्रथम दोष कोणाचा होता तें पाहिलें पाहिजे. तो वादकाचा खास नव्हता. कांहीं अंशीं तो वाद्याचा होता, आणि बऱ्याच अंशीं माणसाच्या कानाचा. बासची सर्वांत खालची तार दर सेकंदास सुमारें ४१ कंपनें करते. बाकीच्या तीन तारांचीं कंपनें अनुक्रमें सुमारें ५५, ७३ व ९८. इतक्या मंद कंपनांविषयीं मनुष्याचा कान स्वभावतःच उदासीन आहे. १९३३ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर व मन्सन या दोघां शास्त्रज्ञांनीं श्रवणाचे प्रयोग करून ही गोष्ट आलेखांनीं मांडली. एकंदर आवाज हळू असला, म्हणजे खर्ज सर्वांच्या आधीं नाहींसा होतो. आवाज वाढूं लागला, कीं तोच खर्ज इतर स्वरांहून झपाट्यानें पुढें सरसावतो. श्रोत्यांनीं हा नियम ध्यानांत ठेवावा, कारण पुढें त्याचें काम पडणार आहे.

दुसरीहि एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. तार छेडली असतां एकच स्वर निघतो असें वाटतें. पण मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर निघत असतात, आणि त्यांच्या कमी-अधिक प्रमाणावरच वाद्याचा रंग ठरतो. आपल्याकडे ज्यानें तंबोरा जुळवतांना पाहिला आहे, त्याला हें निराळें सांगावयास नको. घोडीवर तारेखालचा सुताचा दोरा किंचित् सरकवला, म्हणजे स्वर तोच राहतो, परंतु त्याचा झंकार एकदम उमलतो. तेथें दोऱ्यानें जें साधतें, तें विजेच्या वाद्यांत बटणानें साधावयाचें असतें.

या बटणांना व त्यांच्या यंत्रांना 'इक्वलायझर' असें म्हणतात. हा शब्द मात्र संगीतांतून आलेला नाहीं. तो टेलिफोनच्या तारेवरून आला. बोलणें लांबच्या तारेवरून जाऊं लागलें तेव्हां असें दिसून आलें, कीं तार सर्व स्वरांना सारखें वागवीत नाहीं. तारेची लांबी वाढते तसतसे उंच स्वर वाटेंत अधिकाधिक गळतात. 'स', 'श', 'फ' हीं अक्षरें पलीकडे पोंचतांना बोथट होतात. इंजिनियरांनीं यावर जो उपाय काढला तो मोठा मार्मिक होता. उंच स्वर जितके घटले असतील तितकेच खालचे स्वर मुद्दाम घटवावयाचे, म्हणजे सर्व एका पातळीवर येतात. आणि मग सारें मिळून एकदम वाढवावयाचें. बेल टेलिफोन संस्थेशीं संबद्ध असलेल्या ऑटो झोबेल या इंजिनियरानें १९२८ सालीं अशा मंडलांचें शास्त्र सविस्तर मांडलें. 'इक्वल' म्हणजे समान; वाटेंत बिघडलेली समानता पुन्हां आणून देणारें तें इक्वलायझर. आवडीप्रमाणें आवाज रंगवण्याचा अर्थ त्या शब्दाला मागाहून चिकटला. या मूळ अर्थाचा विसर पडल्यामुळेंच पुढील पुष्कळ गोंधळ झाले.

आतां बासकडे वळूं. सिएटल शहरीं पॉल टटमार्क यानें १९३६ च्या सुमारास आडवी धरून वाजवावयाची विजेची बास बनवली होती. पण ती फारशी पसरली नाहीं. एव्हरेट हल नांवाच्या वादकानें निराळी युक्ति केली. डबल बास ज्या खुंटीवर जमिनीला टेकते, त्या खुंटीच्या आंतच त्यानें ध्वनिग्राहक बसवला. १९४६ च्या सुमारास केलेल्या या 'ॲम्प्लिफाइड पेग'चाच संक्षेप होऊन 'ॲम्पेग' हें पुढें प्रसिद्धीस आलेलें नांव तयार झालें.

परंतु खरी क्रांति घडली ती कॅलिफोर्नियांतील फुलर्टन या गांवीं. तेथें लिओ फेंडर याचें रेडिओ-दुरुस्तीचें दुकान होतें. शिक्षणानें हा गृहस्थ हिशेबनीस. त्याला स्वतःला गिटार वाजवतां येत नव्हती. वादक मोडकीं यंत्रें घेऊन दुकानांत येत, त्यांच्या तक्रारी तो मन लावून ऐके. १९५१ च्या अखेरीस त्यानें भरींव लांकडाची, चार तारांची, ३४ इंच तार-लांबीची बास गिटार बाजारांत आणली. सतारीप्रमाणें तिला पडदे होते. त्यामुळें स्वर अचूक लागे, म्हणून तिचें नांव 'प्रिसिजन बास'. लगेच १९५२ मध्यें तिच्या जोडीला 'बासमन' हा ॲम्प्लिफायर आला. पाठीवर कपाट वाहून नेणाऱ्या माणसाला एकदम छत्री हातांत धरून चालण्याची सोय व्हावी, तसें बासवाल्याला झालें.

त्या पहिल्या गिटारीवर बटणें दोनच होतीं : एक आवाजाचें, दुसरें स्वररंगाचें. दुसऱ्या बटणामागें एक लहानसा कपॅसिटर असतो. त्यांतून उंच स्वरांना सहज वाट मिळते, मंद स्वरांना मिळत नाहीं. बटण पिळून खालीं आणलें, म्हणजे उंच स्वर त्या वाटेनें परस्पर निघून जातात आणि उरलेला आवाज मऊ, गोल होतो. या बटणाला घेतां येतें, देतां येत नाहीं. तें पूर्ण उघडें ठेवणें हीच त्याची सर्वांत मोठी उदारता. तारेंतून जेवढें निघालें तेवढेंच पुढें जाणार, अधिक कांहीं नाहीं. फेंडरनें १९६० मध्यें काढलेल्या 'जॅझ बास'मध्यें दोन पिकअप आले. एक तारांच्या मधल्या भागाकडे, दुसरें घोडीजवळ. मधल्याचा आवाज भरदार, घोडीजवळच्याचा रेखीव. दोहोंचें प्रमाण कमी-जास्त करणें हाहि रंग बदलण्याचा एक मार्ग झाला. पण तेथेंहि बाहेरून कांहीं मिळवण्याची सोय नव्हतीच.

मिळवण्याची सोय ॲम्प्लिफायरमध्यें होती. बासमनवर प्रथम एकच १५ इंची स्पीकर होता. कांहीं वर्षांत त्याच्या जागीं १० इंची चार आले, आणि १९५७-५८ पर्यंत खर्ज, मध्य व तार अशा तीन भागांना स्वतंत्र बटणें मिळालीं. हा आराखडा इतका यशस्वी झाला, कीं बासवाल्यांपेक्षां साधे गिटारवालेच त्याला अधिक भुलले, आणि १९६२-६३ मध्यें लंडनमधील जिम मार्शल यानें आपला पहिला ॲम्प्लिफायर त्याच्याच नमुन्यावर बनवला. मात्र या मंडलांत एक खोंच आहे. तिन्ही बटणें परस्परांत गुंतलेलीं असतात. एक पिळलें कीं दुसऱ्यांचें कामहि थोडें बदलतें. शिवाय तिन्ही बरोबर मधोमध ठेवलीं असतांहि आवाज सपाट नसतो. मधले स्वर खळगा पडल्यासारखे दबलेले राहतात. बटणें मध्यावर म्हणजे आवाज जसाचा तसा, असें समजणारा येथें पहिल्याच पायरीवर फसतो.

बटण मध्यावर असतांना आवाज खरोखर सपाट, एकीकडे पिळलें तर वाढ आणि दुसरीकडे पिळलें तर घट, असें सरळ मंडल इंग्लंडांतून आलें. पीटर बॅक्संडॉल या इंजिनियरानें १९५२ च्या ऑक्टोबरांत 'वायरलेस वर्ल्ड' मासिकांत तें छापलें. मासिक ज्याच्या हातीं पडलें त्याला तें घरीं बसून बनवतां येऊं लागलें. पुढें जगांतील असंख्य रेडिओ, ग्रामोफोन व वाद्यांचे ॲम्प्लिफायर यांत त्याच कल्पनेचे वंशज जाऊन बसले.

१९६० नंतर सभागृहें वाढलीं, मग मैदानें आलीं. ॲम्पेगचा १९६० मधला 'पोर्टाफ्लेक्स' दिवाणखान्यांत शोभावा असा. त्याची शक्ति सुमारें २५ वॅट. त्याच कंपनीनें १९६९ मध्यें 'एसव्हीटी' काढला तो ३०० वॅटांचा, आणि त्याला १० इंची आठ स्पीकरांच्या भल्या मोठ्या पेट्या. त्यावर मध्यस्वरांचें बटण तर होतेंच. शिवाय मध्य म्हणजे नेमका कोणता मध्य, हें निवडण्याचीहि कळ होती. मधल्या स्वरांचें महत्त्व वादकांना एव्हांना कळूं लागलें होतें, याची ही खूण.

वाद्याच्या बटणाला देण्याची शक्ति आली ती १९७० च्या सुमारास. त्यापूर्वीं एक जुनाच रोग नव्या ठिकाणीं उद्भवला होता. गिटारीपासून ॲम्प्लिफायरपर्यंत जाणारी केबल जितकी लांब, तितके उंच स्वर तींत गळत. मैलांच्या टेलिफोन तारेचें जें दुखणें, तेंच येथें थोड्याशा फुटांत. कॅलिफोर्नियांतील 'अलेम्बिक' या मंडळींनीं यावर उपाय म्हणून लहानसें विद्युत्-मंडल गिटारीच्या पोटांतच बसवलें. मग १९७६ मध्यें 'म्यूझिक मॅन' कंपनीची 'स्टिंगरे' बास आली. तिच्या घडणींत पुन्हां लिओ फेंडरचाच हात होता, कारण आपली पहिली कंपनी त्यानें १९६५ मध्येंच विकून टाकली होती. नऊ व्होल्टची एक बॅटरी आणि स्वररंगाचीं निराळीं बटणें, एवढा तिचा थाट. केबलमधील गळती थांबलीच, पण त्याबरोबर वादकाच्या बोटांशीं आणखी एक वाढवणारें बटण येऊन बसलें.

तिसरें ठिकाण पायाखालचें. आवाज फाडणारीं, घुमवणारीं पेडलें १९६० नंतर निघालीं, आणि त्यांतील पुष्कळ साध्या गिटारीसाठीं केलेलीं असल्यामुळें बासचा खर्ज खाऊन टाकीत. शिवाय प्रत्येक गाण्याला निराळा रंग हवा असे, आणि वाजवतां वाजवतां मागें वळून ॲम्प्लिफायरशीं खटपट करणें शक्य नसे. म्हणून पेडलांतच इक्वलायझर आले. न्यूयॉर्क राज्यांतील रॉचेस्टर येथील 'एमएक्सआर' कंपनीनें १९७० नंतरच्या दशकांत सहा व दहा पट्ट्यांचीं पेडलें काढलीं. जपानी 'बॉस' कंपनीनें १९८७ मध्यें खास बाससाठीं सात पट्ट्यांचें पेडल दिलें. त्याच्या पट्ट्या ५० कंपनांपासून दहा हजारांपर्यंत पसरलेल्या. सरकत्या कळांची रांग पाहिली, कीं आवाजाचें चित्रच समोर दिसतें, म्हणून याला 'ग्राफिक' म्हणतात. याच सुमारास जॉर्ज मॅसेनबर्ग यानें १९७२ मध्यें दुसरी पद्धति मांडली होती. तींत कोणता स्वर, किती रुंदीचा पट्टा आणि किती वाढ-घट, हीं तिन्ही वादकाच्या हातीं. पेडल कोठें जोडावें यालाहि अर्थ आहे. आवाज फाडणाऱ्या पेडलाच्या आधीं इक्वलायझर ठेवला, तर कोणते स्वर फाटावेत हें तो ठरवतो. नंतर ठेवला, तर फाटून निघालेल्या आवाजाला आकार देतो.

अशा रीतीनें एका स्वराचे तीन कारभारी झाले, आणि एका घरांत तीन कारभारी असले म्हणजे जें होतें तें झालें. घुमदार खर्ज सर्वांनाच आवडतो. वादक गिटारीवर खर्ज ६ डेसिबेलनें वाढवतो, पेडलवर तेवढाच, आणि ॲम्प्लिफायरवर पुन्हां तेवढाच. प्रत्येक ठिकाणीं बटण थोडेंसेंच फिरलेलें दिसतें. पण ६ डेसिबेल म्हणजे शक्ति चौपट. तीन वेळां चौपट म्हणजे चार गुणिलें चार गुणिलें चार, चौसष्ट पट. ज्या स्वराला २ वॅट पुरत होते त्याला आतां १२८ वॅट लागतात. ॲम्प्लिफायर धापा टाकूं लागतो, स्पीकरचा पडदा फडफडतो, आणि इतका खर्च करून श्रोत्यांच्या वांट्यास एक अस्पष्ट गुरगुर येते. त्यांत फ्लेचर-मन्सन यांचा नियम भर घालतो. घरीं हळू आवाजांत खर्ज कमी वाटला म्हणून वाढवून ठेवलेलीं बटणें रंगमंचावर तशींच राहतात; तेथें आवाज मोठा होतांच तोच खर्ज अनावर होऊन बाकीचें गाणें झांकून टाकतो.

अनुभवी वादकांनीं यांतून जो क्रम काढला, तो या इतिहासाशीं तंतोतंत जुळतो. स्वर गिटारींतून पेडलांत व पेडलांतून ॲम्प्लिफायरांत जातो. पण तोल लावण्याची सुरुवात दुसऱ्या टोंकाकडून करावी. गिटार व पेडल सपाट ठेवून प्रथम ॲम्प्लिफायर जुळवावयाचा, आणि तोहि त्या सभागृहासाठीं. ज्या स्वरावर जागा घुमते तो शोधून थोडा घटवावयाचा. मग पेडल, तें एखाद्या विशिष्ट गाण्यासाठीं. सर्वांच्या शेवटीं गिटारीवरचें बटण, तें वाजवतां वाजवतां होणाऱ्या बारीक फेरफारासाठीं. जागेचा दोष गिटारीवर काढूं नये, आणि गाण्याची गरज ॲम्प्लिफायरवर भागवूं नये. शिवाय वाढवण्यापूर्वीं दुसरें कांहीं घटवून पाहावें. मधल्या स्वरांतील दोनशें-तीनशें कंपनांजवळचा चिखल जरा काढला, कीं खर्ज न वाढवतांहि स्वच्छ ऐकूं येतो. टेलिफोनच्या इंजिनियरांनीं आधीं घटवलें आणि मग सारें मिळून वाढवलें, त्याचाच हा नातू.

बास ऐकूं येत नाहीं अशी तक्रार असली, तर तिचें औषध बहुधा खर्जांत नसतेंच. ऑगस्ट झेबेक या जर्मन शास्त्रज्ञानें १८४१ मध्येंच भोंग्यावर प्रयोग करून दाखवलें होतें, कीं मूळ स्वर अगदीं क्षीण असला तरी उपस्वरांवरून कान तो ओळखतो. लहानशा रेडिओच्या स्पीकरांतून ४१ कंपनें बाहेर पडूंच शकत नाहींत. तरी बासचा स्वर कळतो, तो ८२, १२३, १६५ या उपस्वरांच्या साक्षीवरून. जॅको पास्टोरियस यानें १९७६ मधील आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेनें जगाला चकित केलें. घोडीजवळच्या पिकअपवर भर देणारा त्याचा आवाज खर्जानें जड नव्हता, मध्यस्वरांनीं बोलका होता.

हें सर्व ज्याच्या ठायीं एकवटलें, त्या वादकाचें नांव जेम्स जेमरसन. डेट्रॉइट शहरांतील मोटाउन कंपनीच्या असंख्य लोकप्रिय गाण्यांत १९६० नंतर त्याची बास वाजत होती. त्याच्याजवळ १९६२ ची प्रिसिजन बास होती. तिच्यावर सपाट गुंडाळीच्या जाड तारा, ज्या तो क्वचितच बदली. घोडीच्या झांकणाखालीं फोमचा तुकडा, आणि वाजवण्यास उजव्या हाताचें एकच बोट. दोन्ही बटणें तो सामान्यतः पूर्ण उघडीं ठेवी. मुद्रणगृहांत त्याची गिटार पुष्कळदां सरळ ध्वनिमुद्रणाच्या मेजालाच जोडलेली असे; पायाखालीं पेडलांची रांग नव्हती. जो आवाज मिळवण्यासाठीं पुढें वादकांनीं तीन-तीन ठिकाणीं बटणें पिळलीं, तो त्याच्या बोटांत, तारांत आणि त्या फोमच्या तुकड्यांत होता.

लोकांनीं तो आवाज रोज ऐकला, पण तो कोणाचा हें त्यांना ठाऊक नव्हतें. कारण मोटाउनच्या मुद्रिकांवर साथीदारांचीं नांवें छापण्याची चाल नव्हती. १९७१ मध्यें मार्व्हिन गे याच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या मुद्रिकेवर तीं प्रथम छापलीं गेलीं, तेव्हां जेमरसनचें नांव बाहेर आलें. १९८३ मध्यें तो वारला, त्या वेळीं त्याचें वय पन्नाशीच्याहि आंत होतें. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्यें त्याला स्थान मिळालें तें २००० सालीं. स्वर ऐकूं यावा म्हणून माणसांनीं खुंटींत यंत्र घातलें, गिटारींत बॅटरी घातली, तीनशें वॅटांचे ॲम्प्लिफायर उभे केले. वाजवणारा ऐकूं यावा यासाठीं मुद्रिकेच्या पाठीवर एक ओळ पुरली असती, आणि ती यावयास मात्र १९७१ साल उजाडावें लागलें.